हीटर होजचा स्प्रिंग क्लॅम्प: माप कसं घ्यावं, कसा बसवावा

खान्देशात गाडीचा हीटर लावायची वेळ फार थोडे दिवस येते. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे तोरणमाळला किंवा पालच्या बाजूला निघालात, तर तेवढीच. म्हणून इंजिनापासून डॅशबोर्डकडे जाणारे ते दोन रबरी होज बहुतेकांच्या खिजगणतीत नसतात. पण आजच्या बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाण्याचं मिश्रण, त्या होजमधून बारा महिने फिरत असतं. आपण फिरवतो ते बटण आतली फक्त हवेची झडप हलवतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेलेला, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचाय, अशा वेळी या दोन होजच्या चार सांध्यांपैकी एक जरी सुटला तरी तापमानाचा काटा चढायला लागतो आणि घाटात गाडी बाजूला घ्यायलाही जागा मिळत नाही.

कंपनीतून गाडी येते तेव्हा या सांध्यांवर बहुधा स्प्रिंग क्लॅम्प असतो. पोलादी पट्टीचं कडं आणि वर दोन कान. कान एकमेकांकडे दाबले की कडं उघडतं, सोडले की आवळतं. आपल्याकडे होज बदलताना तो फेकून त्याजागी स्क्रूची क्लिप, म्हणजे गॅरेजातली जुबली क्लिप, लावायची पद्धत पडली आहे. ती सहज मिळते, साध्या स्क्रू ड्रायव्हरने बसते आणि आवळताना हाताला समाधान देते. हीटर होजच्या बाबतीत मात्र मी ठामपणे स्प्रिंग क्लॅम्पच्या बाजूने आहे, आणि त्याला कारणं आहेत.

रबर सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू बसत जातं, दाबलेल्या जागी पातळ होतं. त्यात इंजिन तापलं की होज आणि आतली नळी दोन्ही फुगतात, थंड झालं की आक्रसतात. हिवाळ्यात जळगावचं किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरतं, तर चालू इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं. एकाच सांध्याला रोज ८० अंशांचा फरक सोसावा लागतो. स्क्रूची क्लिप ज्या मापावर आवळली तिथेच अडून राहते. होज फुगला की ती रबरात रुतते, आक्रसला की पकड ढिली पडते. म्हणून थंडीत पहाटे इंजिनाखाली चार थेंब दिसतात, आणि गाडी तापवून गॅरेजात नेली की सांधा कोरडा ठणठणीत. ‘पानी कमी व्हई ऱ्हायनं’ म्हणत लोक आठवड्याला टाकी भरत राहतात, पण गळती सापडत नाही, ती अनेकदा यामुळेच. स्प्रिंग क्लॅम्प होजबरोबर उघडतो आणि होजबरोबर मिटतो, त्याला पुन्हा आवळावं लागत नाही.

दुसरं कारण नळीचं. हीटर कोअरच्या, म्हणजे डॅशबोर्डमागे हवा गरम करणाऱ्या छोट्या जाळीच्या, नळ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, काही गाड्यांत जोडाचे भाग चक्क प्लास्टिकचे असतात. स्क्रू किती आवळायचा हे हात ठरवतो आणि हाताला अंदाज नसतो. प्लास्टिकला बारीक चीर गेली की काम होजपुरतं राहत नाही. हीटर कोअर बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागला तर खर्च कुठल्या कुठे जातो. स्प्रिंग क्लॅम्पचा जोर त्याच्या पोलादातच ठरलेला असतो.

अर्थात, होज कडक पडला असेल, टोकाशी भेगा असतील किंवा बोटांनी दाबल्यावर करकरत असेल, तर कुठलाच क्लॅम्प त्याला वाचवणार नाही. आधी होज बदला. मऊ सिलिकॉन होज लावला असेल तर बारीक तारेचा क्लॅम्प त्यात रुततो आणि खाचा असलेली जुबली क्लिप त्याला कापते. तिथे आतून गुळगुळीत अस्तर असलेली क्लिप घ्या. डिझेल-पेट्रोलच्या नळ्यांना तर यातलं काहीच लागू नाही.

माप कसं घ्यायचं

खरी गफलत इथे होते. दुकानात आपण ‘१६ चा हीटर पाइप’ मागतो आणि त्याच ओघात क्लॅम्पही १६ चा मागतो. १६ हे होजच्या आतल्या पोकळीचं माप आहे आणि क्लॅम्प बसतो बाहेरून. हीटर होज आतून बहुधा १६ किंवा १९ मिलिमीटरचे असतात. रबराची जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर धरली तर १६ चा होज बाहेरून २३-२४ भरतो आणि १९ चा २६-२७. नळीवर चढवल्यावर तो अजून थोडा ताणतो. म्हणून होज नळीवर पुरता चढवा आणि क्लॅम्प न लावता, जिथे क्लॅम्प येणार त्याच जागी माप घ्या.

व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचं साधन, असेल तर रबर दबणार नाही इतकं हलकं टेकवून मोजा. नसेल तर वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापून होजभोवती घट्ट गुंडाळा. टोक जिथे पट्टीवर येऊन भिडतं तिथे पेनाने रेघ मारा, कागद सरळ करा, फूटपट्टीने मोजा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागा. ७८.५ मिलिमीटर आले तर बाहेरचं माप २५. इंजिनाच्या अडचणीच्या जागेत व्हर्नियर आडवा धरता येत नाही, तिथे मला ही कागदाची पट्टीच जास्त भरवशाची वाटते.

मग दुकानात सरळ सांगा, “भाऊ, बाहेरून २५ च्या होजला, पट्टीचा स्प्रिंग क्लॅम्प द्या, चार नग.” चारही एकाच मापाचे लागतील असं धरू नका. इंजिनाकडची नळी आणि हीटर कोअरची नळी वेगळ्या जाडीच्या असू शकतात, तेव्हा प्रत्येक टोक मोजा. पट्टीवर आकडा ठोकलेला असतो, बहुधा तो मिलिमीटरमधलं माप असतो. पण शेजारी रुंदीची किंवा कंपनीची इतर अक्षरंही असतात, म्हणून पाकिटावर दिलेली किमान-कमाल मर्यादा बघा आणि आपलं माप तिच्या मधोमध येईल असा क्लॅम्प निवडा. मर्यादेच्या काठावरचा घेऊ नका. दुकानदाराकडे कॅटलॉग असेल तर चासी नंबरावरून पार्ट नंबर काढून घेणं सगळ्यांत खात्रीचं.

एका तारेचे किंवा दुहेरी तारेचे क्लॅम्पही मिळतात. हीटर होजला १२ ते १५ मिलिमीटर रुंदीचा पट्टीचाच घ्या, कारण रुंद पट्टीचा दाब पसरून आणि सारखा पडतो. कंपनीने मुळात तारेचा दिला असेल तेवढाच अपवाद.

जुना क्लॅम्प परत वापरता येतो, पण तो गंजलेला नको, वाकडा नको आणि मोकळा ठेवल्यावर नव्याइतकाच मिटायला हवा. गंज काढायला तो ॲसिडमध्ये किंवा संडास साफ करायच्या द्रवात बुडवू नका. या कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि ताणाखाली असताना अचानक तडकतं. गरम करून वाकवणं, कानशीने घासणं हेही नको. क्लॅम्पची किंमत बघता असल्या उद्योगात अर्थ नाही.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. सुमारे १ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. अशा गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि आतलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. घाटात गाडी तापल्यावर भाजल्याचे प्रकार याच घाईतून होतात. बोनेटला हात लावून अंदाज घेऊ नका, दोन-तीन तास सरळ जाऊ द्या. मग झाकण फडक्याने धरून हळू उघडा.

खाली स्वच्छ पसरट भांडं ठेवून हीटर होजच्या पातळीखाली येईल इतकं कूलंट काढून घ्या. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. मांजर, कुत्रं, वासरू कोणीही त्याला तोंड लावू शकतं, म्हणून भांडं अंगणात उघडं ठेवू नका आणि शेतात किंवा नालीत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलवाल्याकडे द्या.

कान दाबायला होज क्लॅम्पची पक्कड मिळते. तिच्या जबड्याला फिरती खाच असते, त्यात कान अडकतात आणि निसटत नाहीत. हीटरचे सांधे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, चिकटून, हात न पोचणाऱ्या जागी असतात, तिथे लांबून दाबता येणारी केबलची पक्कड कामाची. सरळ पकडीने काम होतं, पण कान सटकला तर क्लॅम्प गोळीसारखा उडतो, तेव्हा चष्मा लावाच. स्क्रू ड्रायव्हर घालून क्लॅम्प फाकवायचा नाही. कान एकमेकांना भिडले की तिथे थांबा, त्यापुढे जोर लावला तर स्प्रिंगचा ताण कायमचा जातो.

क्लॅम्प होजवर मागे सरकवून ठेवा आणि होज हलका पिळून सुटतो का पाहा. चिकटून बसला असेल तर ओढू नका. हीटर कोअरची नळी मऊ असते, ती वाकते किंवा मुळाशी सुटते. होज बदलायचाच असेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने वरवर चीर द्या आणि सालीसारखा उलगडा. ब्लेड नळीच्या धातूला लागू देऊ नका, तिथला ओरखडा पुढे कायमची गळती देतो.

बसवताना

नळी उघडी पडली की तिच्याकडे नीट बघा. बोअरचं पाणी टाकत आलेल्या गाडीत तिथे पांढरा, खडबडीत थर सापडतो. आपल्या भागात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं, त्यातले क्षार सांध्यात आणि हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत साचतात. तो थर ओल्या फडक्याने, फार तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. नळीवरून बोट फिरवा, गुळगुळीत लागायला हवी. खड्डे लागत असतील तर नवा क्लॅम्पही तिथे गळणार.

आता क्लॅम्प आधी होजवर चढवून मागे सरकवा. नंतर आठवलं तर सगळं पुन्हा काढावं लागेल. नळीला थोडं कूलंट किंवा साधं पाणी लावा. ऑइल, ग्रीस बिलकूल नको, हे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि पेट्रोलियम लागलं की फुगतात, मऊ पडतात. होज पिळत पिळत नळीच्या तोंडाशी उठलेल्या कडेपलीकडे, अडकेपर्यंत ढकला.

क्लॅम्पची जागा या कडेच्या मागे, होजच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर आत. कडेवर बसला तर तिरका राहतो आणि सरकतो, अगदी टोकाला बसला तर रबर चिमटून निसटतो. होज जुनाच असेल तर पूर्वीच्या क्लॅम्पचा ठसा दिसेल, नेमका त्याच ठशात बसवा. ठशाला अर्धवट चढवलेला क्लॅम्प एका बाजूने मोकळा राहतो.

सोडण्याआधी कान कुठल्या दिशेला येतात ते ठरवा. पुढच्या वेळी पक्कड पोचली पाहिजे आणि कान वायरिंगला, पत्र्याला किंवा शेजारच्या होजला घासायला नकोत. काही नवे क्लॅम्प छोट्या अडणीने उघडे धरलेले येतात, ती ओढली की क्लॅम्प झटक्यात मिटतो, बोटं लांब ठेवा. साधा क्लॅम्प पकडीने सावकाश सोडा.

बसल्यावर तो हाताने फिरवून बघा. बोटांनी सहज फिरला तर मोठा आहे. कान मोकळ्या क्लॅम्पइतके लांब गेले असतील तरीही मोठाच, कारण त्याची सगळी ताकद संपलेली आहे. उलट कान जवळजवळ भिडलेलेच राहिले तर लहान आहे, होज तापून फुगायला त्याच्याकडे जागा उरलेली नाही.

भरणं आणि बघणं

कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या, रंग बघून घेऊ नका. तयार मिश्रण नसेल तर डिमिनरलाइज्ड पाण्यात, बहुधा निम्मं-निम्मं. हीटरचं बटण पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरा. झाकण लावून गाडी चालू करा, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या. हीटरमधून सतत गरम हवा आली तर आत हवा अडकलेली नाही. मधेच गार झाली तर आहे, इंजिन थंड करून पुन्हा भरा.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंडगार असताना. टॉर्च घेऊन चारही सांध्यांखाली कोरडा पांढरा कागद टेकवा. ओलावा नसेल तर घाटाला निघायला हरकत नाही, आणि परतल्यावर थंड इंजिनात टाकीची पातळी एकदा बघा. पहाटे थेंब आढळलाच तर क्लॅम्पवर क्लॅम्प चढवू नका. सांधा परत उघडून नळीवरचे खड्डे आणि होजच्या आतली चीर शोधा. चारही सांधे कोरडे असून पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होत असेल, काचेवर चिकट धुकं धरत असेल किंवा गाडीत गोडसर वास येत असेल, तर गळती हीटर कोअरमध्येच आहे, आणि ते काम डॅशबोर्ड खोलणाऱ्या मिस्तरीचं.