सीएनसी राउटरवर मूर्ती कोरताय? या चुका टाळा

फाईल टाकली, स्टार्ट दाबलं की गणपती तयार, असं रील बघून सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाईलवरून लाकूड कोरणारं मशीन, घेणारे हल्ली बरेच भेटतात. मशीनला डोळे नसतात हो, तुम्ही सांगाल तिथे बिट, म्हणजे फिरणारं कापायचं हत्यार, खुपसणार.

सगळ्यात महाग चूक म्हणजे झेडचा झिरो, बिट किती खोल जाणार ते जिथून मोजतात ती जागा. ही मी स्वतः केलीये. देवघराच्या सागवानी फळीवर गणपती होता, झिरो फळीच्या वरच्या अंगावर घेतला, 6 मिमीच्या सपाट टोकाच्या एंडमिलने रफिंग, म्हणजे पहिली ओबडधोबड कापणी, झालं, चहा पिऊन आलो, बारीक कामाला 3 मिमीचा गोल टोकाचा बॉलनोज बिट लावला आणि झिरो परत घेतला, कुठे तर सोंडेपाशी जे लाकूड उरलं होतं त्यावर! रफिंगने तिथलं 4 मिमी आधीच खाल्लं होतं. फिनिशिंगला अर्धा मिमी काढायचा होता, बिट घुसला साडेचार मिमी. कट्टकन आवाज, बिटचे दोन तुकडे आणि सोंडेला आडवी खाच. तेव्हापासून झिरो फक्त मशीनच्या बेडवर अंथरलेल्या एमडीएफच्या फळीवर, त्याच एका कोपऱ्यात जिथे बिट कधी जात नाही, आणि बिट बदलला की परत तिथेच.

दुसरं, स्टेपओव्हर, म्हणजे बिटच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, वाढवून वेळ वाचवणारे. 300 बाय 400 मिमीचं काम 0.3 मिमी स्टेपओव्हरने म्हणजे हजार फेऱ्या, 400 मीटर चाल, मिनिटाला 2 मीटरने 3 तास 20 मिनिटं नुसत्या फिनिशिंगला. म्हणून लोक 1 मिमी ठेवतात, तासाभरात काम उरकतं, मग गालावरच्या रेघा घासत दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन बसतात. मी तरी मशीनलाच राबू देतो, माझी बोटं कशाला झिजवू?

मूर्तीचं थ्रीडी मॉडेल ज्यात असतं त्या एसटीएल फाईलमध्ये एकक नसतं. इंचातली फाईल मिमी समजून उघडली की मूर्ती 25.4 पट लहान. उघडल्यावर आधी उंची बघा.

मॉडेल बनवायला पितळेची मूर्ती तशीच स्कॅन करू नका, चकाकीमुळे मॉडेलच्या जाळीत भोकं पडतात. टाल्कम पावडरचा हलका थर द्या.

कानामागची, हाताखालची पोकळी फक्त डावी-उजवी, मागे-पुढे, वर-खाली चालणाऱ्या तीन अ‍ॅक्सिसवर येत नाही. बिट वरूनच उतरतो, त्यामुळे खाली सरळ भिंत राहते. त्यासाठी लाकूड गोल फिरवणारी रोटरी लागते, नाहीतर लाकूड उलटवून दुसरी बाजू. "सॉफ्टवेअरमध्ये काही सेटिंग असेल ना?" नाही.

नवीन फाईल आधी फळीच्या वर हवेत फिरवा. कंटाळा येतो, येऊ दे. मी तेवढ्यात फळी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर नजर ठेवतो, बिट क्लॅम्पवर आदळल्याचा आवाज एकदा ऐकलाय, परत ऐकायचा नाही.