नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्षी मोजताना

नांदूर मध्यमेश्वर हे नाशिक जिल्ह्यातलं पक्षी अभयारण्य. जानेवारीत तिथल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर सकाळी सातच्या आत पोचा. कानटोपी हवीच, गोदावरीवरून येणारं वारं बोटं बधिर करतं. ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात.

आधी थोडे असलेले मोजा: चक्रवाक, हळदीकुंकू, थापट्या ही बदकं. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचा थवा शेवटी. त्यातले दहा नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढे तुकडे पाडत पुढे सरकायचं. भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळे उठतात. तेव्हा मुकाट्याने पहिल्यापासून! मी एकदा अंदाजाने आकडा पुढे ढकलला होता. जोडीदाराच्या आकड्याशी अजिबात जुळेना. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहा, लाजू नका.