सॉफ्टवेअरचा साठा लावताना या चुका टाळा

इन्स्टॉलर, ड्रायव्हर, फॉन्ट, पोर्टेबल प्रोग्रॅम जमत जातात आणि एक दिवस हवी ती फाइल शोधण्यापेक्षा पुन्हा डाउनलोड करणं सोपं वाटू लागतं. तसं वाटलं की विभाग चुकलेत असं समजा.

मुख्य गुन्हेगार 'इतर' हा फोल्डर. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्स संग्रहात तीस हजारांहून जास्त सॉफ्टवेअर (तिथल्या भाषेत 'पोर्ट') आहेत आणि 'मिस्क' म्हणजे 'इतर' हा विभाग त्यांनाही ठेवावा लागला. पण त्यांची मार्गदर्शिकाच सांगते की शक्यतो दुसरा विभाग शोधा, कारण मिस्कमधल्या गोष्टी नजरेतून सुटतात. घरी 'इतर' ठेवाच, पण त्यात एका जातीची चारपाच सॉफ्टवेअर साचली की त्यांचा वेगळा विभाग काढा. त्याआधी मात्र नको. एकेक फाइल असलेले वीस फोल्डर हाही पसाराच.

दुसरी चूक जास्त त्रास देते. व्हीएलसी हा गाणी-व्हिडिओ चालवणारा प्लेअर ऑडिओत ठेवायचा की व्हिडिओत, हे ठरत नाही म्हणून दोन्हीकडे कॉपी होते. मग एकीकडची प्रत अपडेट होते आणि नेमकी दुसरीकडची जुनी इन्स्टॉल केली जाते. फ्रीबीएसडीत पोर्ट एकाच प्रत्यक्ष डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) राहतो, बाकीचे विभाग फक्त त्याच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे त्याची माहिती आणि सूचना असलेल्या फाइलमध्ये, नोंदवतात. पायथन, केडीई यांसारख्या आभासी विभागांना तर स्वतःची डिरेक्टरीच नाही. (व्हीएलसी तिथे मल्टिमीडियात आहे, वाद मिटला.) तुम्हीही फाइल एका जागी ठेवा, दुसरीकडे शॉर्टकट टाका.

'अडोबी', 'फ्री', '२०२३', 'ऑफिस' असे फोल्डर शेजारी शेजारी दिसतात का? एक कंपनीचं, एक किमतीचं, एक वर्षाचं, एक कामाचं. एका पातळीवर एकच निकष हवा, आणि माझ्या मते तो कामाचाच, कारण शोधताना काम आठवतं, कंपनी आठवेलच असं नाही. अपवाद फॉन्टचा. डीटीपीवाल्यांनी कृतिदेव, श्रीलिपी आणि युनिकोड फॉन्ट वेगवेगळेच ठेवावेत. तिन्हींची अक्षरं बसवण्याची पद्धत निराळी, त्यामुळे जुन्या मजकुराला भलता फॉन्ट लागला की वाचता येत नाही.

आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे फाइलच्या नावात लिहा, 'सेटअप (३)' वरून काही कळत नाही. विंडोजवर कॉपी करताना पाथ लांब असल्याची तक्रार आली, तर फोल्डरात फोल्डर फार झालेत. तिथली जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, दोन पातळ्या पुरतात.

आवराआवरीच्या भरात 'प्रोग्रॅम फाइल्स'मधले फोल्डर मात्र हलवू नका. इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमचे पत्ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, असतात, फोल्डर हलला की तो उघडत नाही. आणि 'ही दुसरी प्रतच आहे' असं नावावरून ठरवून काही डिलीट करू नका. आधी विंडोजच्या सर्टयुटिल (certutil) कमांडने दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून जुळतो का ते पाहा.