आधी खरारा, मग उपचार

फिजिओथेरपीची साडेचार वर्षांची पदवी पूर्ण करून मी महूच्या रस्त्यावरील एका लहान तबेल्यात घोड्याच्या चालीने मुलांवर करायचा उपचार शिकायला गेले, तेव्हा पहिले तीन आठवडे मला एकाही मुलाला हात लावू दिला नाही. हातात घोडा घासण्याचा खरारा आणि लीद उचलण्याची पाटी मिळाली. तेव्हा ते खटकले होते. पण आज इंदुरात या कामाची चौकशी करायला येणाऱ्या प्रत्येक तरुण फिजिओथेरपिस्टला आणि विशेष शिक्षिकेला मी हेच सांगते की घोडा ओळखू येईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच्या पाठीवर बसवू नये.

याचे कारण उपचाराच्या मुळाशीच आहे. सावकाश चालणाऱ्या घोड्याची पाठ एकाच वेळी वरखाली, पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलते. ही हालचाल स्वाराच्या कमरेपर्यंत पोचते आणि आपण स्वतः चालताना आपली कंबर जशी हलते, तिच्याशी पुष्कळ जुळते. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतील इजेने हालचालींवर ताबा न राहिल्यामुळे, जे मूल कधी चाललेलेच नाही, त्याच्या शरीराला चालीचा हा ताल घोड्याच्या पाठीवर अनुभवता येतो. त्यासाठी पुष्कळदा खोगीर न घालता लोकरीचा जाड नमदा आणि मूठ असलेला पट्टा वापरतात, म्हणजे घोड्याची हालचाल आणि ऊब दोन्ही थेट पोचतात. घोड्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअस असते आणि आखडलेल्या मांड्या त्या उबेने हळूहळू सैल पडतात. मात्र चाल एकसारखी हवी. घोडा अडखळत, बिचकत किंवा मान ताठ करून चालला, तर मुलाचे शरीर सैल होण्याऐवजी अधिकच आखडते.

येथे दोन शब्दांतील फरक नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. हिप्पोथेरपीत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणारा) घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून वापर करतो आणि मुलाला लगाम हाती घ्यावा लागत नाही. उपचारात्मक घोडेस्वारीत मूल स्वतः स्वारी शिकते आणि त्यातून त्याचा तोल, लक्ष व धीर वाढतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय लुळे पडले, तरीही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले. या उपचाराकडे जगाचे लक्ष वळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. ड्रेसाज म्हणजे चालीवरचा बारीक ताबा. आमच्या रिंगणात घोडा धरून चालणाऱ्यालाही, पदकाची आस नसली तरी, तोच ताबा लागतो.

घोड्यांची निगा राखणाऱ्या ज्या माणसांना जुन्या मराठीत मोतद्दार म्हणत आणि आपल्या माळव्यात साईस म्हणतात, त्यांच्याइतके चांगले घोडा ओळखायला कोणीही शिकवत नाही. आमच्या तबेल्यातले चाचा मला रोज एकच वाक्य ऐकवीत: ‘बेटा, पहले कान देखो.’ केसर नावाच्या काठियावाडी घोडीचे आत वळलेले कान मी तीन आठवडे पाहत राहिले. दोन्ही कान पुढे असले तर तिचे लक्ष समोर असते, एक कान मागे वळला तर ती पाठीवरच्या मुलाकडे लक्ष देते आणि दोन्ही कान मानेला चिकटले तर त्या दिवशी तिला काम देऊ नये. घोड्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही, म्हणून नेहमी डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. घोडाही आपल्याला वाचत असतो. रागावलेल्या माणसाचे छायाचित्र पाहताच घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले. घरचा वैताग घेऊन तबेल्यात जाणे म्हणूनच मला चुकीचे वाटते.

माझी एक चूक मी प्रत्येकाला सांगते. तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, कसताना घोडा पोट फुगवून धरतो, त्यामुळे चार पावले चालवून तो पुन्हा कसावा लागतो. एका सकाळी उशीर झाला म्हणून मी ते केले नाही. तिसऱ्या फेरीत पट्टा वीतभर उजवीकडे सरकला आणि सात वर्षांचा मुलगा कलला. शेजारून चालणाऱ्या सहायिकेने त्याच्या मांडीवरून हात टाकलेला होता, म्हणून तो पडला नाही. कोणी लगाम ओढण्याआधीच केसर थांबली होती, परंतु घोडीच्या शहाणपणावर मुलाची सुरक्षितता सोपवणे हा निष्काळजीपणाच होय.

प्रत्येक मुलाला हा उपचार चालत नाही. डाउन सिंड्रोम असल्यास मानेच्या वरच्या मणक्यांची स्थिरता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. खुब्याचा सांधा निखळलेला असेल किंवा फिट्स आटोक्यात नसतील, तर नम्रपणे नकार द्यावा. सुदामानगरातून, उषानगरातून आलेली आई विचारते, ‘ताई, हा चालेल का?’ तिला खोटी आशा दाखवू नये. बसण्याचा तोल आणि धडावरचा ताबा सुधारू शकतो, मूळ विकार मात्र जात नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

उपजीविकेविषयीही स्पष्टच लिहिते. दाणा, वैरण, नालबंद आणि पशुवैद्य यांचा खर्च मोठा असतो, उन्हाळ्यात सकाळी लवकरच काम उरकावे लागते आणि पावसाळ्यात इथल्या काळ्या मातीच्या चिखलामुळे कित्येक दिवस रिंगण बंद राहते. मी आजही संध्याकाळी दवाखाना चालवते, आणि निदान सुरुवातीची काही वर्षे तुम्हीही तसेच करावे.

तो कललेला मुलगा पुढेही येत राहिला. त्याची डावी मूठ सतत घट्ट मिटलेली असे. फेऱ्या संपल्यावर चाचा त्याच्या हातावर गाजराचा तुकडा ठेवत, आणि बोटे चावली जाऊ नयेत म्हणून घोड्याला खाऊ नेहमी सपाट तळहातावरच द्यावा लागतो. दवाखान्यात ती बोटे उघडायला मला दहा मिनिटे लागत. केसरने ओठ पुढे केले की तो स्वतःच, एकेक करून, ती उघडू लागे, आणि केसर तोवर मान खाली घालून थांबे.