बांबूचं अनुदान पदरात पाडून घ्यायचं तर

आमचं रान मुळशीत, डोंगरउताराचं. भात सोडून काही धड येत नाही, म्हणून बांधाला माणगा जातीचा बांबू लावला. तुम्हीही लावणार असाल तर रोपं आणण्याआधी कागद गोळा करा: चालू सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँकखातं. रोजगार हमीतून हवं असेल तर जॉबकार्ड आणि ग्रामसभेच्या ठरावात नावही. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर संमतीपत्र आधी घ्या; खरा वेळ तिथेच जातो. (अनुदान मिळणार म्हटल्यावर दूरचे चुलतेही जवळ येतात.)

मंजुरीशिवाय खड्डे घेऊ नका. आधी केलेल्या कामाचे पैसे मागायला गेलात की साहेब हात वर करतात. पाच बाय पाच मीटरवर लावलात तर हेक्टरी ४०० रोपं बसतात. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, तेही जगलेली रोपं मोजून. म्हणून पहिले दोन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून राखण, यात कसूर नको. मेलेल्या रोपाजागी पावसाळ्यात लगेच दुसरं लावा आणि फोटो काढून ठेवा.

तोडीची धास्ती मात्र सोडा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यात ‘झाड’ धरला जात नाही. बेटातल्या कोवळ्या काठ्या राखा, जून तेवढ्याच काढा, त्याही पावसाळा सोडून. भाव ठरवण्याआधी पुण्यात बुरूड आळीत, म्हणजे बांबूच्या बाजारात, एक चक्कर मारा. गावात येणाऱ्या व्यापाऱ्याशी मग बोलणं सोपं जातं.