मुंबईत कमावले, माहेरी जन्मले : जुनी जन्मनोंद कुठे आणि कशी शोधावी

सातारा-सांगलीकडच्या गावांत जुन्या घरांची चौकशी केली, तर पणजोबा किंवा आजोबा मुंबईला होते, असे बहुतेक घरांतून ऐकायला मिळते. कोणी मांडवीच्या गोदामात ओझी वाहत होते, तर कोणी परळच्या गिरणीत होते. त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी, वारसनोंदीसाठी किंवा नुसत्या वंशावळीच्या हौसेपोटी जन्माचा पुरावा शोधायची वेळ आली, की माणूस पहिली एसटी धरून मुंबईला जातो आणि महापालिकेच्या वॉर्डात दोन-तीन खेपा घालून रिकाम्या हाताने परततो. मीही तेच केले होते. आजोबांची सगळी हयात भायखळ्यात गेली, तेव्हा नोंदही तिथेच असणार, असे मी गृहीत धरले. ती अखेर कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या दप्तरात निघाली, आणि ते गाव माझ्या पणजीचे माहेर होते.

शोधाला निघण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जन्माची नोंद ज्या हद्दीत जन्म झाला त्या हद्दीत होते. बाप कुठे नोकरीला होता, याच्याशी तिचा संबंध नसतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि त्या काळी तर दुसरे-तिसरेही गावीच उरकले जाई. दहा-बारा जण मिळून राहत असलेल्या गाळ्यात बाळंतिणीची सोय तरी कोण करणार?

मुंबईच्या जुन्या खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, आकड्यांतही हेच दिसते. 1911 साली शहराची लोकसंख्या 9,79,445 होती, पण दर हजार पुरुषांमागे बायका जेमतेम 530 होत्या आणि शहरातच जन्मलेली माणसे सुमारे एक पंचमांश होती. बाकी सगळे रत्नागिरी, सातारा, पुणे, कच्छ, काठेवाड असे बाहेरून आलेले. 1921 साली मुंबईतला बालमृत्यूचा नोंदलेला दर हजारी साडेसहाशेच्या वर गेला होता. चाळींची अवस्था भयंकर होती हे खरेच; परंतु हा दर काढताना मृत बालकांच्या संख्येला शहरात नोंदलेल्या जन्मांनी भागतात. गावी जन्मून आईच्या कडेवर मुंबईला आलेले मूल तिथे दगावले, तर मृत्यू मुंबईच्या हिशेबात धरला जाई आणि जन्म मात्र गावच्या वहीत राही. शिवाय चाळीत सुईणीच्या हातून झालेले कित्येक जन्म नोंदवलेच जात नसत. मुंबईच्या दप्तरात आपल्या माणसाचा मृत्यू सापडतो आणि जन्म सापडत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

यानंतर साल ठरवावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची 1 जून ही तारीख खरी मानू नये. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली ती तारीख आहे, आणि आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. घरातल्या वयस्कर बाईला साल विचारू नये, घटना विचारावी. प्लेगच्या वेळी आजोबा अंगावर पीत होते की चालत होते, मानमोडीच्या साथीत घरातले कोण गेले, असे प्रश्न विचारले की वर्ष दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येते. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. आणि मुंबईत प्लेग सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्रथम उघड झाला.

प्लेगच्या वर्षांत मात्र विशेष सावध असावे. साथ आणि तपासणीची धास्ती यांमुळे लोक मिळेल त्या गाडीने गावी पळाले. 1891 साली 8,21,764 असलेली मुंबई 1901 साली 7,76,006 वर आली, आणि लगेच 1906 च्या खास मोजणीत 9,77,822 भरली. म्हणजे गेलेली माणसे परत आली आणि सोबत नवीही आली. प्लेगच्या त्या पहिल्या चार-पाच वर्षांत जन्मलेल्या मुलासाठी मुंबईचे रजिस्टर सर्वांत शेवटी उघडावे. गावाकडेही प्लेग आणि दुष्काळ होताच. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या याच दशकात सव्वाबारा लाखांवरून साडेअकरा लाखांच्या आत आली. तेव्हा गावच्या वहीत एखादे वर्ष अर्धवट आढळले, तर नवल वाटून घेऊ नये. खानेसुमारीच्या कागदांत मात्र नाव शोधायला जाऊ नये; त्यांतून छापील कोष्टके उरली आहेत, घरोघरच्या याद्या उरलेल्या नाहीत.

आता गाव कोणत्या हद्दीत होते, ते पाहावे. सांगली जिल्हा 1949 साली दक्षिण सातारा या नावाने झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, तर सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी औंध संस्थानात होती, आणि फलटण हे स्वतंत्र संस्थान होते. इंग्रजी अमलातल्या गावांची दप्तरे बऱ्याच अंशी एका साच्यातली असतात. संस्थानी गावांच्या बाबतीत मात्र विलीनीकरणानंतर कागद कोणत्या कार्यालयाकडे गेले, हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे, म्हणजे एक खेप वाचते.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागायचा कागद म्हणजे जुना गाव नमुना 14, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची वही, जिला बोलण्यात सगळेच कोतवाल बुक म्हणतात. अर्जात गावाचे नाव, अंदाजे साल आणि बापाचे नाव लिहावे. ‘जन्म-मृत्यू नोंदीची खरी नक्कल मिळावी’ असे स्पष्ट शब्द घालावेत आणि साल एकच न देता चार-पाच वर्षांचा पट्टा द्यावा. गाव मात्र एकच देऊ नये: आधी आईचे माहेर, मग बापाचे गाव, अशा क्रमाने दोन स्वतंत्र अर्ज करावेत. माझ्या वेळी पहिल्या कार्यालयात ‘त्या सालचे बुक नाही’ असे तोंडी सांगून मला वाटेला लावले होते. तेच बुक आठ महिन्यांनी शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात निघाले. म्हणून अर्जाची पोच घ्यावी आणि नाही म्हणत असतील, तर तेही लेखी मागावे.

बुक समोर आले की मुलाचे नाव शोधत बसू नये, कारण ते बहुधा नसतेच. बारसे बाराव्या दिवशी होते आणि गावकामगार असलेला कोतवाल त्याच्या आधीच जन्माची वर्दी देऊन मोकळा झालेला असतो. त्यामुळे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेले आढळते. बापाच्या नावावर बोट ठेवून रकाना वरून खाली वाचत जावे. आडनावावर विसंबू नये. मुंबईत गेल्यावर गावाच्या नावावरून ‘कर’ लावलेले घराणे गावच्या वहीत पाटील, जाधव किंवा बिनआडनावाचेही असू शकते. मी पाहिलेल्या पानावर वाळवीने कडा खाल्ल्या होत्या आणि शाई विटकरी झाली होती. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, पुढे जात, आणि ओळीच्या शेवटी मोडी लिपीत दोनच शब्द होते : वस्ती मुंबई. ते शब्द मला वाचता आले नव्हते. सोबत नेलेल्या मोडी जाणकाराने वाचून दाखवले. म्हणून मोडी येत नसेल, तर जाणकाराला बरोबरच न्यावे. फोटो काढून नंतर वाचून घेण्याच्या नादात शेजारचे पान राहून जाते.

काही जुन्या कागदांत इसवी सन नसतो. शके असेल तर त्यात 78 मिळवावेत, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली घटना असेल तर 79; आपल्याकडच्या फसली, म्हणजे महसुली, सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो.

दोन्ही गावे धुंडाळून झाल्यावरच मुंबईकडे वळावे. तिथे नोंदी वॉर्डवार असल्याने राहण्याचा पत्ता हाती हवा. मांडवी म्हणजे बी, भायखळा म्हणजे ई, परळ म्हणजे एफ आणि वरळी म्हणजे जी. एफ आणि जी या वॉर्डांचे पुढे दक्षिण आणि उत्तर असे भाग पडले आहेत, हे अर्ज करताना विसरू नये. जन्म दवाखान्यात झाला होता असे घरात कोणी सांगत असेल, तर त्या दवाखान्याचा वॉर्ड धरावा, चाळीचा नव्हे.

नोंद कुठेच मिळाली नाही आणि माणूस हयात असेल, तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली उशिराच्या नोंदणीची वाट उरते. जन्माला एक वर्ष उलटले असेल, तर 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. त्या अर्जाला जोडण्यासाठी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नोंद सापडत नसल्याचा दाखला, आधी घ्यावे. ते माहेरच्या गावाचे घ्यायचे की सासरच्या, हे जन्म कुठे झाला असे आपण अर्जात लिहितो त्यावर ठरते; म्हणून प्रतिज्ञापत्रात जन्माचे गाव लिहिण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा पुन्हा विचारून यावे.