फणसाच्या टेबलासाठी गोधडीच्या टाक्याचा रनर

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक पांढरं वर्तुळ आहे. टेबल फणसाच्या लाकडाचं, सासऱ्यांनी गावातल्याच सुताराकडून करून घेतलेलं. एका सकाळी घाईघाईत पेजेचं पातेलं गॅसवरून उतरवून थेट त्यावर ठेवलं, ते मीच. वर्तुळ काही केल्या जाईना, तेव्हा निदान झाकता तरी येईल म्हणून मी टेबल रनर शिवायला घेतला. तो पहिला रनर बिघडला. कुठे बिघडला ते पुढे सांगतेच, कारण नवशिक्यांचं काम बहुतेक वेळा तिथेच फसतं.

रनर म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीला घालायची अरुंद पट्टी. आपण करणार आहोत तो तीन थरांचा: वर रंगीत तुकडे, मध्ये काहीतरी मऊ, खाली अस्तर आणि तिन्हींना धरून ठेवणारा धावदोरा. मालवणाकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला दाखवलंत तर ती म्हणेल, ही तर वाकळच, जरा बारकी. खरंच तसं आहे. वाकळीला, म्हणजे गोधडीला, महिने जातात, रनर चार-पाच संध्याकाळींत होतो. सरळ टीप मारता येत असेल तर तेवढ्या भांडवलावर सुरुवात करा.

माप आणि कापड

चार माणसांचं टेबल साधारण ४ फूट लांब आणि अडीच फूट रुंद असतं. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच खाली लोंबावं असं धरलं तर रनर ६० इंच लांब हवा. रुंदी १२ इंच पुरे. त्याहून रुंद केला तर ताटं अर्धी त्याच्यावर, अर्धी लाकडावर अशी कलंडत बसतात.

वरच्या थराला ३.५ इंच रुंद आणि १३ इंच लांब अशा २० पट्ट्या लागतील. नवं कापड आणायची गरज नाही. जुनं सुती लुगडं, मुलांचे शर्ट, परकर, काहीही चालेल, फक्त सगळं सुतीच असू द्या. रेशमी किंवा सिंथेटिक तुकडा मध्ये घुसला की तो इस्त्रीला वेगळा वागतो आणि धुतल्यावर शेजारच्याला ओढतो. जुनं कापड खिडकीशी उजेडात धरून बघा. जिथून आरपार दिसायला लागलंय तो भाग विरलेला आहे, सोडून द्या. लुगड्याचा पदर आणि काठाजवळचा भाग बहुधा धडधाकट असतो.

अस्तराला मांजरपाट घ्या, दोन मीटर. पट्टी ६५ इंच लांब आणि १७ इंच रुंदच लागते, पण मांजरपाट पहिल्या पाण्यात चांगलाच आटतो, म्हणून जास्तीचा सांगितला. मधल्या थराला दुकानात पॉलिएस्टरचं वॅडिंग मिळतं. दिसायला छान फुगीर असतं, पण जेवणाच्या टेबलावर मी ते वापरत नाही. गरम भांड्याखाली ते दबून चपटं होतं. सुटा कापूस तर नकोच, धुतल्यावर गोळे होतात आणि आमच्याकडच्या पावसात आतून वाळतच नाहीत. मी दोन जुने पंचे एकावर एक घालते. पंचा पातळ, सुती, शंभरदा धुतलेला, त्यामुळे आणखी आटायचं त्यात काही शिल्लक नसतं. लांबीला कमी पडला तर दुसरा तुकडा कडेला कड लावून हाताने जोडा. एकावर एक चढवू नका, तिथे उंचवटा येतो. पंच्याच्या दोन थरांवर चहाचे कप आणि ताटं खुशाल ठेवा. उकळत्या पातेल्याखाली मात्र अडणी हवीच.

गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, गडद रंगाचं अर्धा मीटर सुती कापड. ४४ इंच पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, अडीच इंची चार पट्ट्या निघतात, तेवढं लागतं.

हे सगळं आधी धुवा. लाल आणि निळ्या कापडाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रुमालावर रंग उतरला तर पुन्हा धुवा, आणि तिसऱ्यांदाही उतरला तर ते कापड या कामाचं नाही.

पट्ट्या जोडणं

जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा ३.५ बाय १३ इंचांचा साचा कापा आणि पेन्सिलीने आखून पट्ट्या कापा. पट्टीची लांब बाजू कापडाच्या धाग्याशी सरळ हवी. धागा कुठे जातोय हे कळत नसेल तर कडेला छोटी चीर देऊन कापड फाडा. सुती कापड नेमकं धाग्यावरच फाटतं.

वीसच्या वीस पट्ट्या जमिनीवर मांडा आणि उठून लांबून बघा. मी दोन गडद पट्ट्या शेजारीशेजारी येऊ देत नाही, एवढाच माझा नियम. बाकी जे डोळ्यांना बरं दिसेल ते.

शिवण पाव इंचाची, सुतारांच्या भाषेत दोन सूत. इथे हलगर्जीपणा नको. समजा प्रत्येक पट्टीवर तुमची शिवण अर्धं सूत जास्त आत गेली. एका जोडाला दोन पट्ट्या, म्हणजे एक सूत गेलं. जोड १९. सगळे मिळून १९ सूत, म्हणजे सव्वादोन इंचांहून जास्त लांबी कुठे गेली ते कळतही नाही. उपाय सोपा: सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पाटावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कापडाची कड त्याला घासत न्या.

एकामागून एक वीस पट्ट्या जोडत सुटू नका. आधी दोन-दोन जोडून दहा जोड्या करा, मग जोड्यांना जोड्या. एक शिवण वरून खाली मारली तर पुढची खालून वर मारा. सगळ्या एकाच दिशेने मारल्या तर पट्टी केळ्यासारखी वाकते. प्रत्येक जोडानंतर शिवण गडद कापडाच्या बाजूला वळवून इस्त्री करा. इस्त्री फिरवायची नाही, उचलून दाबायची.

लाईट गेली तर इस्त्री थांबते, पायमशीन थांबत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे हा विचार करूनच काम मांडावं लागतं.

तीन थर एकत्र बांधणं

माझा पहिला रनर बिघडला तो इथे. आषाढ होता. तिन्ही थर एकावर एक घातले, टाचण्या लावल्या आणि लाईट गेली म्हणून गुंडाळून ठेवले. मग पाहुणे आले, काम चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी टाचण्या काढल्या तर प्रत्येक टाचणीच्या जागी दोन तांबूस ठिपके, एक ती शिरली तिथे, एक बाहेर आली तिथे. समुद्राची खारी हवा आणि पावसाची ओल, साध्या टाचणीला गंजायला चार दिवस पुष्कळ झाले. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवावं म्हटलं तर ऊन कुठलं! शेवटी त्या ठिपक्यांवर बारीक फुलं भरली. आता लोक त्या फुलांचंच कौतुक करतात, मीही काही बोलत नाही.

तेव्हापासून टाचण्या फक्त तासाभरापुरत्या. बाकी कच्चा दोरा, म्हणजे थर धरून ठेवायला घातलेले आणि शेवटी काढून टाकायचे टाके.

लादीवर अस्तर सुलटी बाजू खाली करून पसरा, ताणून चारही कडांना चिकटपट्टी लावा. ताणून म्हणजे सुरकुती जाईल इतपतच. त्यावर पंच्यांचे दोन थर, हाताने मधून बाहेर सपाट करत. त्यावर जोडलेली पट्टी, सुलटी बाजू वर. खालचे थर चारही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर दिसले पाहिजेत.

आता पांढरा दोरा आणि लांब सुई घेऊन मधून सुरुवात करा. दोन-दोन इंचांचे ढगळ टाके घालत लांबीला तीन ओळी, मग आडव्या ओळी पाच-पाच इंचांवर. जमिनीवर वाकून कंबर दुखते, वेळही जातो. मी एकदा तीन ओळींवर भागवायला निघाले होते, तर शेजारच्या काकी ओटीवरून म्हणाल्या, "गो, घाई कित्याक करतंस?" मी घाई केलीच. अस्तराला मागे चुणी पडली आणि सगळी टीप उसवावी लागली. उसवायला जेवढा वेळ गेला, त्यात दोन रनरांना कच्चा दोरा घालून झाला असता.

धावदोरा

हाताने करायचं असेल तर प्रत्येक जोडापासून पाव इंचावर आडवी ओळ घाला. दोरा एकेरी, हातभरच. लांब घेतला की गुंततो. गाठ वरून दिसू द्यायची नाही: सुई थोडी अलीकडे फक्त वरच्या थरात घाला, ओळीच्या सुरुवातीला बाहेर काढा आणि हलका झटका द्या. टुपकन गाठ आत जाते. इंचाला चार-पाच टाके आले तरी पुष्कळ. ते लहानमोठे झाले तर होऊ द्यात, पण खाली उलटून बघा, प्रत्येक टाका अस्तरापर्यंत पोचलाय ना. बोटाला अंगुस्तान घाला.

मशीनवर करायचं असेल तर टाका नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा. जुन्या काळ्या मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांडीवर, एक स्क्रू असतो; तो थोडा सैल केला की फुटाचा दाब कमी होतो आणि वरचा थर पुढे ढकलला जात नाही.

मधल्या ओळीपासून सुरू करून टोकांकडे जायचं, म्हणजे उरलीसुरली सुरकुती बाहेर निघून जाते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, नेमकी उलटी शिवतात: कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत फिरत मध्यावर येतात आणि कोपऱ्यांत 'फुला' नावाच्या त्रिकोणी घड्या लावतात. पण तो आयुष्यभराचा हात आहे. आपण मधूनच सुरुवात करावी.

गोट

टाके झाले की पट्टीने आखून चारही कडा सरळ कापा, ६० बाय १२ इंच. काटकोन वहीच्या कोपऱ्याने तपासा.

गोटाच्या चार पट्ट्या टोकाला टोक जोडून एक लांब पट्टी करा. रनरचा घेर १४४ इंच भरतो, त्यावर दहा इंच जास्त ठेवा. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, सव्वा इंचाची होईल. तिच्या दोन्ही उघड्या कडा रनरच्या वरच्या बाजूच्या कडेला लावून पाव इंचावर टीप मारा. सुरुवात लांब बाजूच्या मध्यावरून, आणि पट्टीचं पहिलं टोक सहा इंच मोकळं सोडून.

कोपऱ्याला सगळे अडखळतात. कोपरा पाव इंच राहिला की थांबा, दोन टाके मागे घ्या, दोरा तोडा. पट्टी सरळ वर उचला, कोपऱ्यावर आपोआप तिरपी घडी पडते. ती बोटाने दाबून धरा आणि पट्टी पुन्हा खाली, पुढच्या बाजूच्या कडेवर आणा. वरची नवी घडी मागच्या कडेशी अगदी बरोबर यायला हवी. तिथून, थेट कडेपासून, पुढची टीप सुरू करा. शेवटी सुटी टोकं एकात एक सरकवून टीप पुरी करा.

मग गोट मागे वळवून हाताने तुरपाई. टीप झाकली जाईल इतका मागे ओढा. कोपऱ्यावर मागेही तशीच तिरपी घडी आपसूक बसते. तिथे दोन टाके जास्त घाला. सगळ्यात शेवटी कच्चा दोरा ओढून काढा.

पहिल्या धुण्यात रनर किंचित चुरगळल्यासारखा होतो, तोच गोधडीचा पोत. पावसाळ्यात धुतलात तर घडी करण्याआधी इस्त्री मारून आतली ओल काढा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके धरतात. आणि आमटीचा डाग साबण लागताच लालभडक झाला तर घाबरू नका. हळदीचा तो गुणच आहे. साबण नीट काढून रनर उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत डाग उडतो.